तोंडातल्या फोडांवरची औषधं: कोणती ट्यूब कुठे चालते, कुठे वाया जाते

ओठावरच्या आणि तोंडातल्या फोडांसाठी मिळणाऱ्या औषधांबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: लावलं, पण काही फरक पडला नाही. बहुतेक वेळा यात दोष औषधाचा नसतो. ट्यूब असते ओठावरच्या विषाणूची आणि व्रण असतो गालाच्या आत साधं तोंड आल्याचा. किंवा ट्यूब बरोबर असते, पण लावायला सुरुवात होते खपली धरल्यावर. म्हणून इथे प्रत्येक औषधाबद्दल मत देताना फोड कसला, कुठे आणि कितव्या दिवसाचा, हे आधी पाहिलं आहे. ब्रँडऐवजी घटकाचं नाव घेतलं आहे. डब्यावर मोठ्या अक्षरांतल्या नावाखाली बारीक अक्षरांत तेच छापलेलं असतं आणि वाचायचं असतं तेच.

असायक्लोव्हिर 5 टक्के क्रीम

हे क्रीम हर्पीज सिम्प्लेक्स विषाणूसाठी आहे आणि त्याची जागा ओठ व ओठांभोवतीची त्वचा एवढीच. 50 वर्षांखालच्या साधारण 64 टक्के लोकांच्या शरीरात या विषाणूचा पहिला प्रकार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पहिल्या संसर्गानंतर तो चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत दडून बसतो. ताप, कडक ऊन, जागरण, मानसिक ताण, मासिक पाळी किंवा दातांवरचे उपचार असं काही निमित्त झालं की त्याच मज्जातंतूवरून परत ओठापर्यंत येतो. म्हणूनच फोड दर वेळी जवळपास त्याच जागी उठतो.

या क्रीमची किंमत कळते ती घड्याळाकडे पाहिलं तर. आधी ओठाच्या कडेला एका ठिकाणी मुंग्या आल्यासारखं, चरचरल्यासारखं वाटतं. अजून दिसत काही नसतं. हा टप्पा काही तासांचा, कधी दीड-दोन दिवसांचा. मग तिथे लालसर फुगीर ठिपका येतो आणि त्यावर मोहरीएवढ्या पाणीदार पुटकुळ्यांचा घोस उठतो. ओठाचा लाल भाग आणि त्वचा जिथे मिळतात, नेमक्या त्या रेषेवर. एक-दोन दिवसांत आतलं पाणी गढूळ होतं, पुटकुळ्या एकमेकींत मिसळून फुटतात, ओलसर जखम उघडी पडते, पिवळट-मधाच्या रंगाची खपली धरते. हसताना, जांभई देताना ती तडकते आणि रक्ताचा थेंब येतो. सात ते दहा दिवसांत खपली गळते आणि सहसा वण राहत नाही.

विषाणूची वाढ या सगळ्यात पहिल्या एक-दोन दिवसांत होते. असायक्लोव्हिर विषाणूला स्वतःच्या डीएनएच्या प्रती काढू देत नाही, एवढंच त्याचं काम. चरचर सुरू झाल्या झाल्या लावलं तर साधारण अर्ध्या ते एका दिवसाचा फायदा होतो. खपली धरल्यावर लावलं तर अडवायला विषाणूची वाढच उरलेली नसते. एका दिवसाचा फायदा ऐकायला थोडका वाटतो आणि आहेही थोडकाच. ज्यांना वर्षातून एखादा फोड येतो त्यांनी याच्यावाचून काही अडत नाही. ज्यांना चरचर ओळखू येते आणि ट्यूब हाताशी असते, त्यांच्यासाठी मात्र हे क्रीम घेण्यासारखं आहे.

लावायची पद्धत: हात धुवा. मोहरीएवढं क्रीम बोटाच्या टोकावर किंवा कापसाच्या काडीवर घ्या. डाग आणि त्याच्या भोवतीची किंचित कडा झाकली जाईल असं टेकवत लावा. चोळू नका, कारण चोळल्याने पुटकुळी फुटते आणि पाणी शेजारच्या त्वचेवर पसरतं. दिवसातून पाच वेळा, जागेपणी साधारण दर चार तासांनी, चार ते पाच दिवस. लावून झाल्यावर पुन्हा हात धुवा आणि तोपर्यंत डोळ्याला हात लावू नका. हाच विषाणू डोळ्याच्या बुबुळावर गेला तर तिथे व्रण करतो आणि दृष्टी अधू होऊ शकते. लेन्स वापरणाऱ्यांनी ती थुंकीने ओली करण्याची सवय असेल तर आजपासून सोडावी.

हे क्रीम तोंडाच्या आत लावायचं नाही. त्यातल्या घटकांनी आतली नाजूक त्वचा झोंबते आणि लाळ दोन मिनिटांत ते धुऊन नेते. असायक्लोव्हिरचं 3 टक्क्यांचं मलमही मिळतं, ते डोळ्यांसाठी असतं. नाव एकच असल्याने घरात दोन्ही ट्यूब असल्या की अदलाबदल होते. 5 टक्क्यांचं क्रीम डोळ्यात गेलेलं चालत नाही, हे डब्यावर पेनने लिहून ठेवलेलं बरं.

आणखी एक नेहमीची गफलत म्हणजे ओठांचे कोपरे. दोन्ही कोपऱ्यांत भेगा पडून पांढुरकं, ओलं झालेलं असेल, तोंड उघडताना ताणलं जात असेल आणि कधीही पुटकुळी दिसलेली नसेल, तर तो बहुधा बुरशीचा किंवा जिवाणूंचा संसर्ग असतो. कवळी वापरणाऱ्यांत आणि लाळ गळत असेल तिथे हा वारंवार दिसतो. त्यावर असायक्लोव्हिर महिनाभर लावलं तरी उपयोग नाही.

डोकोसॅनॉल 10 टक्के क्रीम आणि चिकटपट्ट्या

डोकोसॅनॉल विषाणूला पेशीत शिरू देत नाही. अमेरिकेत याला 2000 साली मान्यता मिळाली. ज्या चाचण्यांवरून ती मिळाली त्यांत फोड सरासरी 18 तास लवकर बरा झाला होता. म्हणजे असायक्लोव्हिर क्रीमच्याच तोडीचं. लावायची पद्धत तीच, दिवसातून पाच वेळा, आणि अटही तीच, चरचर सुरू होताच. दोन्ही क्रीम एकावर एक लावू नका.

हायड्रोकोलॉइडच्या पातळ पारदर्शक चिकटपट्ट्यांमध्ये औषध नसतं, तरीही त्यांच्याबद्दलचं मत चांगलं आहे. पट्टीखाली जखम ओलसर राहते, खपली कडक होऊन तडकत नाही, बोट सारखं तिथे जात नाही आणि कपाला-टॉवेलला स्राव कमी लागतो. त्वचा कोरडी असेल तरच चिकटते, क्रीमच्या थरावर अजिबात चिकटत नाही. त्यामुळे क्रीम किंवा पट्टी, दोन्हींतलं एकच निवडावं लागतं. पट्टीच्या कडा सुटू लागल्या की बदला, आणि ओढून काढू नका. कोमट पाण्याने भिजवून काढली नाही तर खपली तिच्याबरोबर उचकटते आणि जखम पुन्हा पहिल्या दिवसावर येते. मिशीच्या केसांवर ती टिकत नाही.

तोंडाच्या आत: आधी जागा पाहा

इथे पाच मिनिटं द्यावीत, कारण पुढच्या सगळ्या औषधांचं यश यावरच ठरतं. विजेरी, आरसा आणि धुतलेलं बोट एवढं पुरतं.

तोंडातली त्वचा दोन प्रकारची असते. गालाचा आतला भाग, ओठाचा आतला भाग, जिभेच्या खालचा आणि तोंडाच्या तळाचा भाग, हा सगळा सैल असतो. बोटाने सरकवला तर सरकतो. टाळूचा पुढचा कडक भाग आणि दातांच्या मुळाशी घट्ट बसलेल्या हिरड्या मात्र हाडाला चिकटलेल्या असतात, बोटाने हलत नाहीत. साधं तोंड येणं, ज्याला डॉक्टर ॲप्थस अल्सर म्हणतात, ते सैल भागावर होतं. एक किंवा दोन-चार गोल किंवा लंबगोल व्रण, मध्ये पिवळट-पांढरी साय, भोवती लाल कडा, आकार सहसा एक सेंटिमीटरच्या आत. आधी पुटकुळी नसते, ताप नसतो, आणि ते कुणाला लागत नाही. एक-दोन आठवड्यांत भरून येतं.

हर्पीज तोंडात परत उठतो तेव्हा तो घट्ट भागावर उठतो. टाळूवर किंवा हिरडीवर, एका बाजूला, टाचणीच्या डोक्याएवढ्या अनेक बारीक व्रणांचा दाट पुंजका. दात काढल्यावर किंवा टाळूत भुलीचं इंजेक्शन दिल्यावर दोन-तीन दिवसांनी असा पुंजका आला तर तो सुईचा घाव समजून सोडून दिला जातो. हा नियम निरोगी माणसाला लागू आहे. केमोथेरपी चालू असेल, अवयव प्रत्यारोपण झालेलं असेल किंवा एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावलेली असेल, तर हर्पीज तोंडात कुठेही उठतो, मोठे खोल व्रण करतो आणि लवकर बरा होत नाही. तिथे घरच्या घरी ओळख पटवायच्या फंदात पडू नये.

ट्रायम्सिनोलोन 0.1 टक्के पेस्ट

साध्या तोंड येण्यासाठी हे या यादीतलं सगळ्यात गुणकारी औषध, आणि विषाणूच्या व्रणावर सगळ्यात चुकीचं. हे स्टिरॉइड आहे. दाह दाबतं, म्हणून ॲप्थस अल्सरचं दुखणं कमी होतं. हर्पीजच्या व्रणावर लावलं तर तिथली प्रतिकारशक्ती दबते आणि विषाणूला रान मोकळं मिळतं. तोंडात विषाणूचा, बुरशीचा किंवा जिवाणूंचा संसर्ग असताना वापरू नये, असं माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. पण ते पत्रक घडी न उलगडताच टाकलं जातं आणि ट्यूब 'तोंड आल्यावरची' म्हणून घरभर फिरते.

जागा, आकार आणि ताप नसणं यावरून व्रण साधा असल्याची खात्री असेल तर जेवणानंतर आणि झोपताना लावा. आधी स्वच्छ कापडाने किंवा गॉजने ती जागा टिपून कोरडी करा. ओल्या जागेवर पेस्ट धरत नाही. थोडीशी पेस्ट बोटावर घेऊन व्रणावर फक्त टेकवा. घासली तर ती रवाळ होऊन चुरा पडतो. टेकवली तर लाळेने तिचा गुळगुळीत पापुद्रा तयार होतो आणि औषध तिथेच राहतं. पेस्ट चिकटत नाही, ही या औषधाबद्दलची तक्रार जवळपास नेहमी घासण्यातून आलेली असते. सात दिवसांत व्रण भरायला लागला नाही तर पेस्ट थांबवून दाखवायला हवं.

लहान मूल, ताप आणि तोंडभर फोड

मूल खात नाही, लाळ गळतेय, ताप आहे, तोंडात फोड आहेत. हे चित्र मुख्यतः तीन विषाणूजन्य आजारांत दिसतं आणि औषध मात्र एकाच आजारावर आहे.

पहिला म्हणजे हर्पीजचा पहिला संसर्ग. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत जास्त. एक-दोन दिवस ताप आणि चिडचिड, मग तोंडात पुटकुळ्या. त्या लगेच फुटतात, त्यामुळे आईवडिलांना बारीक व्रणच दिसतात, आणि ते सैल-घट्ट असा भेद न करता सगळीकडे असतात: जीभ, गाल, टाळू, ओठ, कधी हनुवटीची त्वचाही. पण ओळखायची खूण आहे हिरड्यांची. हिरड्या लालबुंद होतात, सुजून दातांवर येतात आणि ब्रश नुसता टेकला तरी रक्त येतं. तोंडाला वास येतो, जबड्याखाली गाठी लागतात. हे दुखणं दहा ते चौदा दिवस चालतं. मोठ्या माणसालाही हा पहिला संसर्ग होऊ शकतो आणि तो कधीकधी टॉन्सिलचा त्रास म्हणूनच समोर येतो.

दुसरा, हात-पाय-तोंड आजार. कॉक्सॅकी ए16, ए6 आणि एन्टेरोव्हायरस 71 हे त्याचे नेहमीचे विषाणू. लागण झाल्यापासून तीन ते सहा दिवसांत ताप येतो, मग जिभेवर, गालाच्या आत फोड येतात. तळहात, तळपाय आणि बऱ्याचदा ढुंगणावर लाल ठिपके किंवा लांबट राखाडी पुटकुळ्या उठतात. हिरड्या मात्र सहसा ठीकठाक असतात. म्हणून मुलाचे मोजे आणि लंगोट काढून पाहिल्याशिवाय तोंडाच्या औषधावर निर्णय घेऊ नका. ए6 प्रकारात पुरळ हातापायांवर वरपर्यंत आणि तोंडाभोवतीही पसरतं, आणि काही आठवड्यांनी नखं मुळापासून सुटून येतात. ते पाहून घाबरायला होतं, पण नवीन नख खालून येतं.

तिसरा, हर्पँजायना. नावात साम्य असलं तरी याचा हर्पीजशी संबंध नाही. तोही कॉक्सॅकी गटाचाच. एकदम चढणारा ताप, गिळताना दुखणं आणि फोड फक्त मागे: मऊ टाळू, पडजीभ, टॉन्सिलच्या समोरच्या कमानी. सहसा दहाच्या आत छोटे फोड, प्रत्येकाभोवती लाल कडं. तोंडाचा पुढचा भाग आणि हिरड्या स्वच्छ.

असायक्लोव्हिरचं पातळ औषध यातल्या पहिल्यालाच लागू आहे. कॉक्सॅकी गटाचे विषाणू आरएनएचे असतात आणि असायक्लोव्हिर चालू करणारं विकरच (एन्झाइम) त्यांच्याकडे नसतं, त्यामुळे तिथे ते निरुपयोगी ठरतं. हर्पीजमध्ये फोड आल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केलं तर फरक मोठा पडतो. लहान मुलांवरच्या एका चाचणीत व्रण दहा दिवसांऐवजी चार दिवसांत भरले होते. त्या चाचणीतला डोस होता वजनाच्या दर किलोला 15 मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. तुमच्या मुलाचा डोस मात्र डॉक्टरच ठरवतील, कारण हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं आणि पाणी कमी पडलेल्या मुलात त्याचा विचार करावा लागतो. सोमवारी दाखवू म्हणून शनिवार-रविवार घालवला की 72 तास संपतात. लाल सुजलेल्या हिरड्या दिसल्या तर त्याच दिवशी जा.

सुन्न करणारी जेल

लिग्नोकेन, बेन्झोकेन, कोलिन सॅलिसिलेट. तोंड आल्यावर आणि दात येताना लावायच्या बहुतेक जेलमध्ये यातलं काहीतरी असतं. मोठ्या माणसाच्या एखाद-दुसऱ्या व्रणावर जेवणाआधी लिग्नोकेन जेल लावणं ठीक आहे, जेवण सुसह्य होतं. लहान मुलांसाठी मात्र यातलं एकही सुचवता येणार नाही, आणि त्याचं कारण नीट सांगायला हवं.

मुलाच्या तोंडात पंधरा-वीस व्रण असतात, मूल रडतं म्हणून जेल पुन्हापुन्हा लावलं जातं, आणि उघड्या व्रणांतून व गिळण्यातून औषध रक्तात जातं. लिग्नोकेनचं प्रमाण वाढलं तर झटके येऊ शकतात आणि हृदयाची लय बिघडू शकते. अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2014 मध्ये दात येणाऱ्या बाळांना 2 टक्क्यांचं घट्ट द्रावण देऊ नका असा इशारा दिला तो यामुळेच. बेन्झोकेनने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होऊ शकते, ओठ निळसर पडतात. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी ते वापरू नये असं 2018 मध्ये त्याच संस्थेने बजावलं. कोलिन सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनच्या कुळातलं. विषाणूचा ताप असलेल्या मुलाला ॲस्पिरिन दिल्याने राय सिन्ड्रोम हा मेंदू आणि यकृताचा दुर्मीळ पण घातक आजार होऊ शकतो, म्हणून ब्रिटनमध्ये 2009 पासून 16 वर्षांखालच्यांसाठी ही जेल वर्ज्य केली आहेत. आणि नेमकं हेच जेल मुलांच्या तोंडातल्या फोडांवर सर्रास लावलं जातं. घरात असेल तर डबा उलटून घटक वाचा.

सुन्न झालेल्या तोंडाने मूल स्वतःचा ओठ चावतं, घास घशात अडकतो, हा धोका वेगळाच.

गुळण्यांची औषधं

बेन्झिडामिन 0.15 टक्के ही दुखण्यासाठीची चांगली गुळणी आहे. 15 मिलिलिटर तोंडात घोळवून थुंकायचं, जेवणाच्या थोडं आधी घेतलं तर घास गिळणं सोपं जातं. पहिल्यांदा झोंबतं, मग बधिर वाटतं. फार झोंबलं तर तेवढंच पाणी मिसळा. विषाणूवर त्याचा काही परिणाम नाही आणि तसा त्याचा दावाही नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना गुळणीचं द्रावण देऊ नये. त्यांच्यासाठी वेगळा फवारा असतो, तोही डॉक्टरांना विचारून.

क्लोरहेक्सिडिन 0.2 टक्के, 10 मिलिलिटर, एक मिनिट, दिवसातून दोनदा. विषाणूचा संसर्ग यानेही बरा होत नाही. हिरड्या इतक्या दुखतात की ब्रश फिरवता येत नाही, त्या आठवड्यात दातांवर थर साचू नये म्हणून ते उपयोगी पडतं. टूथपेस्टनंतर लगेच वापरलं तर पेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा असर कमी होतो. मध्ये अर्धा तास जाऊ द्या. दोन-तीन आठवडे सतत वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. ज्याला थुंकता येत नाही अशा मुलाला कुठलीच गुळणी नको.

पॅरासिटामॉल आणि पाणी

हात-पाय-तोंड आजारात आणि हर्पँजायनात खरा उपचार एवढाच आहे आणि तो नीट केला तर पुरतो. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं, वयावर नाही: दर किलोला एका वेळी 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, 24 तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. बाटलीबरोबर आलेल्या मापानेच मोजा. थेंबांचं औषध आणि सिरप यांची ताकद वेगवेगळी असते. थेंबांच्या बाटलीतून सिरपच्या मापाने दिलं तर डोस काही पटींनी जास्त होतो. औषध दिल्यावर अर्ध्या तासाने दुखणं उतरतं, तीच पाजण्याची वेळ. थंड, आंबट नसलेलं पातळ, थोडंथोडं, चमच्याने किंवा सिरिंजने गालाच्या बाजूने.

घन पदार्थ दोन दिवस नाही खाल्ले तरी चालतं, पाणी नाही प्यालं तर चालत नाही. आठ तास लघवी नाही, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल गेलेत, जीभ कोरडी, मूल मलूल, यांपैकी काहीही दिसलं तर रुग्णालयात न्या. हात-पाय-तोंड आजारात झोपेत वारंवार दचकणं, हातपाय झटकणं, चालताना तोल जाणं, सारख्या उलट्या होणं किंवा धाप लागणं ही एन्टेरोव्हायरस 71 मेंदूपर्यंत किंवा हृदयापर्यंत गेल्याची लक्षणं असू शकतात. तिथे सकाळची वाट पाहू नका.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. कॉक्सॅकी गटाच्या विषाणूंना चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोलच्या सॅनिटायझरला ते फारसे दाद देत नाहीत. लंगोट बदलल्यावर साबण आणि वाहतं पाणीच हवं, आणि हे बरं झाल्यावरही कित्येक आठवडे, कारण विषाणू शौचावाटे तितके दिवस बाहेर पडत राहतो. हर्पीजच्या विषाणूला आवरण असतं, त्याच्यावर सॅनिटायझर चालतं.

गोळ्या

ओठावर वर्षातून अनेकदा फोड येत असतील तर क्रीमपेक्षा गोळ्या उजव्या. व्हॅलासायक्लोव्हिर 2 ग्रॅम, 12 तासांच्या अंतराने दोनदा, एवढाच एका दिवसाचा कोर्स असतो, आणि तोही चरचर सुरू होताच घ्यायचा. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच, आणि मूत्रपिंडाचा विकार असेल तर डोस बदलतो.

जिथे गोळ्यांना पर्यायच नाही ती म्हणजे चेहऱ्यावरची नागीण. कांजिण्यांचा विषाणू वर्षानुवर्षं मज्जातंतूत राहून परत उठतो. आधी काही दिवस एका बाजूला दातात ठणका, दात तपासला तर निर्दोष. मग त्याच बाजूच्या टाळूवर, गालात, जिभेवर आणि बाहेर चेहऱ्यावर पुटकुळ्या. टाळूवरची पुटकुळ्यांची ओळ बरोबर मधल्या रेषेशी थांबते, जणू पट्टी ठेवून आखलीय. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. पुरळ आल्यापासून 72 तासांच्या आत गोळ्या सुरू व्हायला हव्यात आणि ओठाच्या फोडासाठीचा डोस इथे अपुरा पडतो. नाकाच्या शेंड्यावर पुटकुळी आली तर डोळा धोक्यात असू शकतो. कानात पुटकुळ्या येऊन तोंड वाकडं झालं तर त्याच दिवशी उपचार हवेत.

ज्यांना ट्यूब लागतच नाही

दाढांसमोर गालाच्या आत लाल बुडावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, सोबत ताप, खोकला, लाल डोळे: हे गोवराचं लक्षण, अंगावर पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधी दिसणारं. त्यावर काही लावायचं नसतं. मुलाला वेगळं ठेवायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. घसा खूप दुखतोय, टॉन्सिलवर पांढरा थर, टाळूवर लाल टिपके, मानेला गाठी आणि कमालीचा थकवा असेल तर एपस्टाइन-बार विषाणूचा विचार हवा. त्यात ॲम्पिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिन दिलं गेलं तर अनेकांच्या अंगभर पुरळ उठतं. न दुखणारा, फुलकोबीसारखा खरखरीत छोटा कोंब एचपीव्ही या चामखिळीच्या विषाणूचा असू शकतो, तो काढून तपासतात. जिभेच्या कडेला पांढरे उभे पट्टे असतील आणि पुसून निघत नसतील तर तेही दाखवा, विशेषतः प्रतिकारशक्ती कमी असेल तर. पुसून निघणारा पांढरा थर बहुधा बुरशीचा, त्याचं औषध वेगळं.

ॲन्टिबायोटिक यांतल्या एकाही विषाणूवर चालत नाही. बी-कॉम्प्लेक्सची कमतरता असेल तरच त्याचा फायदा, आणि तोही साध्या तोंड येण्यात.

चाचण्या

ओळख पटत नसेल तर ताज्या पुटकुळीच्या बुडातून घेतलेल्या स्वॅबची पीसीआर चाचणी सगळ्यात भरवशाची. पुटकुळी फोडून बुडावर काडी फिरवायला हवी. वाळलेल्या खपलीवरून घेतलेला नमुना खोटा नकारात्मक येऊ शकतो. रक्तातली हर्पीजची आयजीजी (अँटीबॉडी) चाचणी मात्र फोडासाठी करू नका. विषाणू कधीतरी शरीरात आला होता एवढंच ती सांगते, आणि तो तर बहुतेकांच्या शरीरात असतोच. समोरचा व्रण त्याचाच आहे का, हे त्या रिपोर्टवरून कळत नाही, आणि तो हातात पडल्यावर घरात विनाकारण संशय मात्र सुरू होतो.

दोन आठवड्यांत भरून न आलेला एकच व्रण, कडा कडक, बूड दाबल्यावर टणक, दुखत असो वा नसो, त्यावर यातली कुठलीही ट्यूब लावत बसू नका. त्याला तुकडा काढून तपासणीच लागते, आणि तंबाखू किंवा सुपारी खाणाऱ्याने तर त्यासाठी दोन आठवडेही थांबू नये.

उरलेल्या ट्यूबबद्दल: ट्यूबचं तोंड फोडाला टेकवून क्रीम काढलं असेल तर ती ट्यूब दुसऱ्या कुणाला देऊ नका. झाकणावर उघडल्याची तारीख लिहा आणि माहितीपत्रक डब्यातच ठेवा.